दोरा कोणी बांधला, हे विचारायचं नसतं

सिल्वासात प्रॉडक्ट म्हणजे जे ट्रकमध्ये भरून बाहेर जातं ते. पाइप, बादल्या, वायर, सुताचे कोन. त्यामुळे मी प्रॉडक्ट डिझायनरच्या नोकरीसाठी मुलाखतीची तयारी करते आहे असं मम्मीने सामरवरणीच्या आमच्या सोसायटीत सांगितलं, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मावशींनी विचारलं, "म्हणजे बाटलीचा आकार वगैरे ठरवायचा ना?" मम्मी हो म्हणाली. मीही ते दुरुस्त केलं नाही. स्क्रीनवर कुठलं बटण कुठे असावं, ते दाबल्यावर काय व्हावं, माणूस नेमका कुठे अडखळतो, हे ठरवण्याचीही नोकरी असते हे समजावायला अर्धा तास जातो आणि शेवटी समोरचा, "बरं, पण मग प्रॉडक्ट कुठाय?" असंच विचारतो.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि गावातल्याच एका सात माणसांच्या ऑफिसात पाच वर्षं काम करत होते. कारखान्यांसाठी हजेरीचं, स्टोअरचं, डिस्पॅचचं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. त्याच्या स्क्रीन मी काढायचे. मालक स्वभावाने चांगले, पण त्यांच्या लेखी डिझाइन म्हणजे गिऱ्हाइकाचा लोगो आणखी थोडा मोठा करणं. मला तिथून निघायचं होतं, आणि हे मी कोणापासून लपवलंही नव्हतं. बंगळूरच्या ज्या टेक कंपनीने मला बोलावलं होतं ती माझी तिसरी. आधीच्या दोन कंपन्यांनी मला एकाच जागी नापास केलं होतं. काम नीटनेटकं आहे, पण त्याने काय फरक पडला ते दिसत नाही, असं दोघांनीही जवळजवळ त्याच शब्दांत कळवलं होतं. तिसऱ्यांदा तेच ऐकायची माझी तयारी नव्हती. या वेळी दाखवायला माझ्याकडे फरक होता.

तो फरक खडोलीच्या एका सूत कारखान्यातला होता. पप्पा तिथेच सव्वीस वर्षं मशीन ऑपरेटर. एकेका मशीनवर सुताच्या दोनशेच्या वर तारा चालतात, प्रत्येक तार आपल्या ठरलेल्या जागेवर, आणि त्यातली कुठली ना कुठली तुटत असते. शिफ्ट बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला सांगायचं, अमुक जागा त्रास देते आहे, लक्ष ठेव. त्यासाठी एक रजिस्टर होतं आणि ते कोणी धड लिहीत नव्हतं. कारखान्याचे मॅनेजर नाशिकचे. त्यांनी आमच्या ऑफिसला सांगितलं की रजिस्टर बंद, प्रत्येक मशीनला टॅब्लेट लावू. ते काम माझ्याकडे आलं. मी सोपी स्क्रीन काढली. घरी जाण्याआधी ऑपरेटरने आपला टोकन नंबर टाकायचा, सगळं ठीक असेल तर हिरवं बटण, नसेल तर लाल, आणि लाल दाबलं तर कुठली जागा ते निवडायचं. तीन महिन्यांत शिफ्ट बदलतानाच्या तक्रारी, म्हणजे लाल नोंदी, निम्म्यावर आल्या. मॅनेजरसाहेब खूश झाले. मी तर हवेतच होते.

हे काम करण्यापूर्वी मी पाहणीही केली होती. साहेबांची केबिन फ्लोअरच्या वर आहे, पुढची भिंत काचेची, खाली मशीनच्या सगळ्या रांगा दिसतात. तिथे एसीत बसून मी दोन सुपरवायझरांशी बोलले आणि नंतर तासभर खाली फिरले. पप्पांची तेव्हा शिफ्ट नव्हती. त्यांना घरीच विचारता आलं असतं, पण घरच्या माणसाला विचारणं मला कच्चं काम वाटलं. शिकलेल्या माणसाने पद्धतशीर चौकशी करावी, जेवताना ताटावर नव्हे, अशी माझी समजूत होती.

मुलाखतीची तयारी मी व्हिडिओ बघून केली. त्यातली सगळी माणसं एकाच दुकानातली वाटायची. मागे एक कुंडी, भिंतीवर एक चित्र, चेहऱ्यावर समाधान. सगळे एकच सांगायचे: अडचण काय होती, पाहणी काय केली, उपाय काय केला, परिणाम काय झाला, या क्रमाने गोष्ट सांगा. मी ती इंग्रजीत पाठ केली आणि कपाटाच्या आरशासमोर आठवडाभर म्हटली. मग एका व्हिडिओत कोणीतरी म्हणालं की विषयातलं काहीही न कळणाऱ्या माणसासमोर सराव करा, त्याला कळलं तर सगळ्यांना कळेल. पप्पांची दुपारची शिफ्ट चालू होती, सकाळी ते घरी असायचे. मुलाखतीला पाच दिवस होते. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर बसले.

ते मेथी निवडत होते. मम्मीने परात त्यांच्या पुढ्यात ठेवलेली. मी इंग्रजी पान दाखवून मराठीत सांगत गेले आणि ते अधूनमधून चष्म्यावरून बघत होते.

"अक्षर बारीक होतं जरा तुझं," टॅब्लेटचं चित्र आलं तेव्हा ते म्हणाले. "आमच्या वयाच्या लोकांना दिसत नई."

मी ते लिहून घेतलं. पुढे शेवटचं पान आलं आणि मी म्हटलं, तीन महिन्यांत तक्रारी निम्म्या झाल्या. पप्पांचा मेथीवरचा हात थांबला.

"फॉल्ट कमी नई झाले, बेटा," ते म्हणाले. "आम्ही हिरवं दाबायला लागलो."

मला आधी ते गंमत करताहेत असं वाटलं. पप्पा तशी गंमत करत नाहीत.

"टोकन नंबर टाकल्याबिगर ते पुढेच सरकत नई ना," ते म्हणाले. "मग लाल दाबलं की फॉल्ट त्याच्या नावावर. महिन्याला साहेबाकडे यादी जाते. आपलं ठीक आहे, आपण परमनंट. पण ते कॉन्ट्रॅक्टवाले पोरं आहेत, धुळ्याचे, नंदुरबारचे. दोनदा नाव वरती आलं की पॅकिंगला पाठवतात. नईतर पुढच्या महिन्यात बोलावतच नई."

"मग खराब जागा पुढच्या शिफ्टला कळते कशी?"

त्यांनी शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली आणि सुताचे चार-पाच तुकडे काढून परातीच्या काठावर ठेवले. लाल, निळे, एक पिवळा.

ते धागे मी कळायला लागल्यापासून बघत होते. धुण्याआधी पप्पांचे खिसे उलटे करणं हे मम्मीचं रोजचं काम. लहानपणी त्याच धाग्यांच्या मी बाहुलीला वेण्या घातल्या. मशीनजवळ उभं राहिलं की सूत अंगाला चिकटतं, तसंच हे येत असेल, असं मी धरून चालले होते. आता पप्पांनी सांगितलं, तार वारंवार तुटत असेल तर त्या जागेच्या दांडीला लाल दोरा. सूत गरम करणारा हीटर नीट तापत नसेल तर निळा. आपण सगळं करून पाहिलं, आता फिटरलाच बोलव, यासाठी पिवळा. येणारा माणूस आधी रांगेतून एक चक्कर मारतो, दोरे बघतो आणि कामाला लागतो. पूर्ण शिफ्ट जागा नीट चालली की ज्याने चालवली तो दोरा सोडतो.

"आणि कोणी बांधला ते?"

"ते इचारायचं नसतं," पप्पा म्हणाले. "ज्याला दिसला त्याने बांधला. बस."

मला राग आला. स्वतःचा यायला हवा होता, पण आधी त्यांचाच आला. तीन महिने रोज घरी येऊन माझ्यासमोर जेवले आणि एक शब्द बोलले नाहीत.

"मला सांगितलं का नाही?"

"दोघं-तिघं तर ते यंत्र बंदच पाडणार होते," पप्पा पुन्हा मेथी निवडू लागले. "मी म्हटलं, माझ्या पोरीचं काम आहे, चालू द्या. जाताना हिरवं दाबायचं, आपलं काय जातं. दोरा आपला चालूच आहे."

म्हणजे माझा परिणाम हा मला मिळालेला अहेर होता. रांगेतल्या सगळ्या ऑपरेटरांनी मिळून दिलेला, रोज तीन शिफ्टमध्ये. मी लॅपटॉप बंद केला. म्हटलं, की आता हे खोटं मी मुलाखतीत सांगू शकत नाही, आणि दुसरं काही दाखवायला माझ्याकडे नाही.

पप्पांनी विचार केला. "तुझं चुकलं ते सांग," ते म्हणाले. "नाव यायचं म्हणून लोक हिरवं दाबायचे, ते पण सांग. फॅक्टरीचं नाव नको घेऊ. पण दोऱ्याचं नको सांगू."

"का?"

"साहेबाला माहीत नई म्हणून तर चालतो तो."

मी "बरं" म्हटलं. एवढाच शब्द होता आणि तो मी त्यांच्याकडे बघून म्हटला होता.

पुढचे चार दिवस मी दोन फायली केल्या. पहिलीत दोरा नव्हता. तिच्यात मी एक टॅब्लेट केला, तो फसला, लोक नावाला घाबरतात हे मला उशिरा कळलं, इतकंच होतं. ती प्रामाणिक होती आणि वाचताना जांभई येत होती. दुसरीत एक पान जास्त होतं. लोकांनी स्वतःच एक पद्धत बनवली आहे, तिला वीज लागत नाही, लिहायला लागत नाही, ती रांगेच्या टोकावरून दिसते आणि कोणाचंही नाव घेत नाही. आणि हे सगळं डोळ्यांसमोर लटकत असताना मी केबिनमध्ये बसून बटणं काढत होते. असं पान माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं. ते मी का केलं, याची कारणं माझ्याकडे भरपूर होती. फोटो नव्हता, मी फक्त चित्र काढलं होतं. कारखान्याचं नाव नव्हतं. बंगळूर खडोलीपासून कुठल्या कुठे. शिवाय ही त्यांच्या हुशारीची स्तुतीच होती. यातलं एकही कारण खोटं नव्हतं.

मुलाखत सकाळी अकराला होती, घरूनच, लॅपटॉपवर. हॉलमध्ये खिडकीच्या पडद्यासमोर खुर्ची ठेवली. मम्मीने कुकर आधीच लावून काढला होता, शिट्टी नको म्हणून. पप्पा आपला आवाज नको म्हणून पेपर घेऊन खाली गेले आणि पार्किंगच्या कट्ट्यावर बसले. लॅपटॉपवर दोन्ही फायली उघड्या होत्या. समोर तिघं होते, पण बोलायच्या त्या एकच बाई, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. मी दोरा नसलेल्या फाइलने सुरुवात केली. माझा टॅब्लेट फसला, हे सांगून टाकलं. बाकीच्या दोघांनी काहीतरी लिहिलं. बाईंनी विचारलं, की मग लोक तक्रार नोंदवतच नव्हते तर मशीन कशी चालवत होते? काहीतरी करत असतीलच ना?

अजून शोधते आहे, असं म्हणायचं मी ठरवलं होतं. वाक्य पाठ होतं. मी दुसरी फाइल समोर आणली.

पुढची अकरा मिनिटं मी दोऱ्याबद्दल बोलले. रेकॉर्डिंग नंतर मला पाठवलं गेलं, म्हणून मिनिटं माहीत आहेत. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. लिहिणारे दोघं लिहायचे थांबले. पिवळा दोरा आला तेव्हा तर त्यातला एक हसला, खूश होऊन. त्यांना ते आवडलं. मलाही फार आवडलं, हेही सांगितलं पाहिजे. पाच वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझं काम समजून घेण्यासाठी माझं ऐकत होतं, लोगो मोठा करून घेण्यासाठी नव्हे. त्या अकरा मिनिटांत मला पप्पांची एकदाही आठवण झाली नाही.

ते वर आले तेव्हा मी पडदा सरकवत होते.

"झालं?"

"झालं. बरं झालं."

"अडकली नई ना कुठं?"

"नाही."

"चांगलं," ते म्हणाले, आणि कुकर उघडायला गेले.

आठवड्याने निवड झाल्याचं पत्र आलं. खाली एक अट होती. मुलाखतीत दाखवलेलं काम ज्या गिऱ्हाइकाचं आहे, त्याची लेखी परवानगी हवी, आणि परवानगीच्या पत्राला दाखवलेली पानं जशीच्या तशी जोडलेली हवीत. अर्जाच्या वेळी मी साहेबांकडून अशीच परवानगी घेतली होती. तेव्हा त्यांनी फाइल न उघडताच सही केली होती. "अगं, तुझंच काम आहे, त्यात काय बघायचं," असं म्हणाले होते. आता फाइल बदलली होती.

दोऱ्याचं पान काढून बाकीची पानं साहेबांना पाठवता आली असती. बंगळूरला कोणी पानं मोजत बसलं नसतं असं आज मला वाटतं. तेव्हा तसं वाटलं नाही. तेव्हा वाटलं, एक पान कमी निघालं तर माझ्यावर खोटेपणाचा ठपका येईल आणि नोकरी जाईल. आणि असंही वाटलं, की साहेब याही वेळी फाइल उघडणार नाहीत. शनिवारी दुपारी पप्पा शिफ्टला निघाले, कंपनीची बस कोपऱ्यावरून वळलेली मी गॅलरीतून पाहिली आणि आत येऊन सगळी फाइल साहेबांना पाठवली.

सोमवारी त्यांचा फोन आला. त्यांनी फाइल उघडली होती.

"काय काम केलंयस तू!" ते म्हणाले. "सहा वर्षं मी त्या फ्लोअरवर फिरतोय, मला वाटायचं वेस्ट सूत लटकलंय. लोकांनी स्वतः सिस्टिम बनवलीय आणि आपण टॅब्लेट लावत बसलो. काढून टाकतो ते टॅब्लेट. आता हेच ऑफिशियल करू."

"ऑफिशियल म्हणजे सर?"

"दोरे बरे दिसत नाहीत, ऑडिटवाले हसतील. प्लास्टिकचे बिल्ले करू, अडकवता येतील असे. रंग तेच ठेवू, लोकांना सवय आहे. फक्त कोणी लावला तेवढं हवं. प्रत्येकाला त्याच्या टोकन नंबरचे बिल्ले देऊ."

साहेब वाईट माणूस नाहीत, हे मला इथे मुद्दाम लिहायचं आहे. ते खरोखर आनंदात होते. ऑपरेटरांचा सत्कार करू असंही म्हणाले.

"सर, नंबर नसला तर नाही का चालणार?" मी म्हटलं. "नाव नसतं म्हणूनच ते चालतं. पानावर तसं लिहिलंय मी."

"वाचलं मी ते. पण नंबर नसेल तर ऑडिटला दाखवू काय?"

माझ्या पत्रावर त्यांची सही अजून व्हायची होती. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. सही संध्याकाळी आली, सोबत दोन ओळींचं कौतुकही.

बिल्ल्यांचं काम साहेबांनी आमच्याच ऑफिसला दिलं. मालकांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं, कारण असली कामं मीच करायचे आणि माझा नोटिशीचा महिना चालू होता. टाळता आलं असतं. आजारी पडता आलं असतं, लोक पडतात. मी ते केलं, आणि वाईट केलं नाही. लाल, निळा, पिवळा, तीन बिल्ले. वर अडकवायला भोक, कडा गोल केलेल्या, म्हणजे सुतात अडकू नयेत. मध्ये टोकन नंबर. अक्षर किती मोठं घ्यायचं याचा मला विचार करावा लागला नाही. माझ्या वहीत ते लिहिलेलं होतं, मेथी निवडणाऱ्या माणसाने सांगितलेलं.

नवी नोकरी घरून करायची होती, त्यामुळे मी सिल्वासातून गेलेच नाही. त्याच हॉलमध्ये, त्याच पडद्यासमोर आता माझं टेबल आहे. पहिल्या महिन्यात मम्मी एकदा धुणं भिजवताना सहज म्हणाली, की हल्ली पप्पांच्या खिशात धागे नसतात, बरं झालं, वॉशिंग मशीनच्या जाळीत अडकायचे. पप्पा तिथेच चहा पीत होते. "हो, बंद झाले," ते म्हणाले. मी हेडफोन लावला होता, पण त्यात काही चालू नव्हतं.

कारखान्यात काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. पप्पांनी नाही सांगितलं. सोसायटीत तिथले आणखी दोघं राहतात, त्यांच्या बोलण्यातून आलं. बिल्ले कोणी लावत नाही. कॉन्ट्रॅक्टची पोरं तर खिशातून काढतही नाहीत. दोरा दिसला की सुपरवायझर कापून टाकतो आणि कोणी बांधला ते विचारतो. आता येणारा माणूस प्रत्येक जागेची तार तुटेपर्यंत वाट बघतो.

मी पप्पांच्या प्रश्नाची वाट बघत होते. काय उत्तर द्यायचं तेही ठरवलं होतं, मुलाखतीसारखं पाठ करून, क्रमाने. पत्राची अट, साहेबांचा उत्साह, मी एकदा नको म्हटलं होतं ते. आठवडे गेले. त्यांनी विचारलं नाही. आमच्या घरी फार बोलण्याची पद्धत नाही, पण हे न बोलणं त्यातलं नव्हतं, हे मला कळत होतं.

मग एका दुपारी, शिफ्टला निघताना, ते माझ्या टेबलापाशी थांबले. मी कोणाशी बोलत नाही ना हे आधी पाहिलं. खिशातून तिन्ही बिल्ले काढून त्यांनी लॅपटॉपशेजारी ओळीने ठेवले. लाल, निळा, पिवळा. तिन्हींवर त्यांचा नंबर. आता विचारतील, म्हणून मी खुर्ची वळवली.

त्यांनी लाल बिल्ला उचलला, चष्मा कपाळावर चढवला आणि हात लांब करून तो पाहिला.

"अक्षर चांगलं मोठं घेतलं," ते म्हणाले. "चष्म्याशिवाय वाचता येतं. वर केबिनमधून पण दिसत असेल."

मग तिन्ही बिल्ले गोळा करून त्यांनी परत खिशात ठेवले आणि बस चुकू नये म्हणून घाईने जिना उतरले.